पाचवा गडी बोर्श

ट्विन पॉपलर गावात शेजारी तक्रार घेऊन येतो तेव्हा त्याच्या हातात केक असतो. केक जितका मोठा तितकी तक्रार गंभीर. त्यामुळे जानेवारीतल्या एका मंगळवारी सकाळी विल्फ बर्गस्टॅड दोन्ही हातांनी धरावा लागेल एवढा खजुराचा केक घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा ऑरेस्ट पालिचुकने आधी केकचा आकार बघितला आणि मग विल्फचा चेहरा.

"आत ये," ऑरेस्ट म्हणाला. "बूट राहू देत."

"नको, काढतो," विल्फ म्हणाला आणि बूट काढू लागला. त्या दिवसांत बूट काढणं हे पाच मिनिटांचं काम असतं. तोवर दोघेही हवामानाबद्दल बोलले.

"उणे एकतीस."

"रेडिओवर एकोणचाळीस म्हणाले."

"ते वारा धरून."

"वारा धरायचा म्हटलं तर काय, कितीही होईल."

मग कॉफी झाली. विल्फच्या गुडघ्याची चौकशी झाली. ऑरेस्टच्या बायकोने, नेटीने, केक कापला आणि छान झालाय म्हणून सांगितलं. एवढं सगळं यथासांग पार पडल्यावर विल्फने खिशातून एक कागद काढला आणि तो बशीखाली अर्धा सरकवला, जणू तो आपला नाहीच.

"तुझा कुत्रा, ऑरेस्ट. गातो छान. पण फार मोठ्याने गातो."

ती नगर कार्यालयात दिलेल्या तक्रारीची प्रत होती. वर लाल शाईत 'दुसरी' असं लिहिलेलं होतं.

"दुसरी?" ऑरेस्ट म्हणाला. "मग पहिली कोणी केली?"

"पहिलीपण मीच. तेव्हा मफिन आणले होते की."

"मला वाटलं ते नाताळचे."

"नाताळचे वेगळे होते," विल्फ दुखावून म्हणाला. "त्यात सुकामेवा होता."

गावचा नियम असा की एका कुत्र्याविरुद्ध तीन तक्रारी झाल्या की त्याने दहा दिवसांत गावाची हद्द सोडायची. हद्द सोडून जायचं कुठे, हे नियमात नव्हतं. हद्दीबाहेर सगळीकडे गव्हाची शेतं होती आणि सध्या त्यांवर कमरेइतका बर्फ होता. खुद्द गावाची अवस्था काही फार वेगळी नव्हती. ज्या दोन पॉपलर वृक्षांवरून गावाला नाव पडलं, त्यांतला एक केव्हाच वाऱ्याने पडला होता आणि दुसरा पडू नये म्हणून नगर परिषदेने त्याला तारेने विजेच्या खांबाला बांधून ठेवलं होतं. मात्र नाव बदलण्याचा ठराव तीनदा फेटाळला गेला. ट्विन पॉपलरची माणसं अशीच. एकदा म्हटलं की म्हटलं.

कुत्र्याचं नाव बोर्श. बोर्श म्हणजे बिटाचं सूप, रंग तसाच म्हणून. कान एका जातीचे, पाय दुसऱ्या जातीचे आणि शेपूट कुठल्या तरी मोठ्या कुत्र्यासाठी बनवलेली, चुकून याला लागलेली. चौतीस वर्षं धान्याच्या कोठारावर दुसऱ्यांचा गहू तोलून ऑरेस्ट निवृत्त झाला त्याच आठवड्यात हा दारात येऊन बसला आणि दोघांनी एकमेकांना ठेवून घेतलं. दोष एकच. ऑरेस्ट घराबाहेर पडला की बोर्श मान वर करून असा सूर लावायचा की चार घरांपलीकडे लोक दूरदर्शन बंद करून बाहेर बघायचे.

बरं, कुत्रा घरात एकटा असायचा असंही नाही. नेटी असायची.

"चाळीस वर्षं तू बाहेर जातोयस," नेटी विल्फला आणखी एक तुकडा वाढत नवऱ्याला म्हणाली. "मी एकदाही रडले नाही. यावरून काय ते समज."

ऑरेस्ट बाहेर जायचा तो मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी, कर्लिंग खेळायला. या खेळात आळीपाळीने एकाने वीस किलोचा घोटीव दगड बर्फावरून सोडायचा, दोघांनी त्या दगडापुढे झाडू मारत धावायचं आणि चौथ्याने पलीकडच्या टोकाला उभं राहून त्यांच्यावर ओरडायचं. ओरडणारा तो कप्तान. ऑरेस्ट बावीस वर्षं कप्तान होता. घरी ओरडायची सोय नसल्यामुळे त्याला तिथे जाणं भागच होतं. संघात त्याच्या खालोखाल विल्फ होता, म्हणजे तक्रारदार आणि उपकप्तान एकच. झाडू मारायला दोघे गंडरसन बंधू होते. ते उत्तम झाडू मारत आणि शेताच्या वाटणीवरून एकमेकांशी, आणि मग सवय म्हणून इतर कोणाशीही, बोलत नसत.

"मी मंगळवार-गुरुवार सोडतो मग," ऑरेस्ट म्हणाला.

विल्फचा चेहरा पडला. "आणि किटली?"

किटली म्हणजे जुन्या डेअरीतली पत्र्याची दुधाची किटली. दर फेब्रुवारीत ट्विन पॉपलर आणि बत्तीस किलोमीटरवरचं ग्रेनफर्थ यांच्यात सामना व्हायचा आणि जिंकणाऱ्या गावाने ती वर्षभर मिरवायची. गेली अकरा वर्षं ती ग्रेनफर्थच्या पेट्रोल पंपावर होती आणि ते लोक तिच्यात छत्र्या ठेवत. ही गोष्ट ट्विन पॉपलरमध्ये लहान मुलांसमोर बोलत नसत.

"कुत्रा गप्प कर," विल्फ म्हणाला. "पण खेळ. नाहीतर मला तिसरी तक्रार द्यावी लागेल, आणि माझं मन मला खाईल. आमच्या घरचा खजूरही संपत आलाय."

"बोर्श कुठेही जाणार नाही," ऑरेस्ट म्हणाला. "आणि मीही खेळणार."

हे वाक्य बोलायला सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता तो नेहमीप्रमाणे सहकारी भांडाराच्या उपाहारगृहात गेला. तिथे गावातले निवृत्त पुरुष लांब टेबलाभोवती आपापल्या ठरलेल्या खुर्चीत बसून जगाचा कारभार बघतात. प्रश्न मांडायची खोटी, सल्ले सुरू झाले. एकाने सांगितलं, रेडिओ लावून ठेव, माणसाचा आवाज असला की कुत्रा शांत राहतो. ऑरेस्टने लावला. त्या दिवशी धान्याचे भाव चालू होते आणि मोहरी घसरल्याचं ऐकून बोर्शने जो हंबरडा फोडला तो निदान समयोचित होता. दुसरा म्हणाला, पायातला मोजा ठेवून जा. मोजा ठेवला. परत आला तेव्हा मोजा नव्हता आणि बोर्शची तब्येत बरी नव्हती. तिसऱ्याने सुचवलं की ऑरेस्टचा एक मोठा फोटो कुत्र्याच्या उंचीवर लावावा. तोही लावला. बोर्शने ढुंकून पाहिलं नाही, पण नेटी दोन दिवस मागच्या दाराने ये-जा करत होती.

शेवटी तो बोर्शला घेऊन टीना फ्रीसनकडे गेला. टीनाबाई एक्क्याऐंशी वर्षांच्या, राहणार गावाबाहेर शेतावर. अर्ध्या जिल्ह्याचे मेंढ्या राखणारे कुत्रे त्यांच्या हाताखालून गेलेले. त्यांनी ऑरेस्टला गोठ्यात एका पालथ्या बादलीवर बसवलं आणि अर्धा तास कुत्र्याकडे बघू नकोस म्हणून सांगितलं. ऑरेस्टने सतरा वेळा बघितलं. टीनाबाईंनी मोजलं होतं.

"कुत्रा ठीक आहे," त्या म्हणाल्या. "बिघडलायस तू. दारातून निघताना बाप लढाईवर चालल्यासारखं तोंड करतोस. मग तो बिचारा शोक करणार नाही तर काय करेल?"

"मग मी काय करू?"

"रोज चाळीस वेळा दाराबाहेर जा आणि आत ये. बोलायचं नाही, बघायचं नाही, तोंड करायचं नाही."

उणे तीसमध्ये दाराबाहेर जाणं म्हणजे बूट, कोट, टोपी, मफलर, हातमोजे. कुत्र्याला खरंच वाटावं म्हणून प्रत्येक वेळी सगळं चढवायचं आणि आत येऊन सगळं उतरवायचं. पहिल्या दिवशी सोळाव्या फेरीला समोरच्या खिडक्यांतले पडदे हलू लागले. एकविसाव्या फेरीला विल्फने नेटीला फोन केला.

"घराबाहेर काढलंस की काय त्याला?"

"अजून नाही," नेटी म्हणाली.

तिसऱ्या दिवशी, इतक्या वेळा दार उघडल्यामुळे, पडवीतला पाण्याचा नळ गोठून फुटला. चौथ्या दिवशी नळ दुरुस्त करणारा आला आणि बाहेर जाताना ऑरेस्टने सवयीने त्याच्याकडेही बघितलं नाही, त्यामुळे तो रागावून अर्धं काम टाकून गेला. पण तीन आठवड्यांनी बोर्श अकरा मिनिटं गप्प राहू लागला. कर्लिंगचा सामना अडीच तास चालतो.

"पुढच्या हिवाळ्यापर्यंत अडीच तासांवर येईल," टीनाबाईंनी हिशेब सांगितला.

"सामना फेब्रुवारीत आहे."

"मग सोबत ने. एका जागी पडून राहायला तो चार दिवसांत शिकेल. ते त्याच्याकडे उपजत आहे." त्यांनी ऑरेस्टला नखशिखान्त न्याहाळलं. "माणसं काय, कठीणच."

आणि खरंच, एका जुन्या तरटावर बोर्शला 'पड' म्हटलं की तो पडायचा आणि 'ऊठ' म्हणेपर्यंत पडलेला असायचा. त्याच्या नाकासमोर सॉसेज ठेवून पाहिलं. मांजर फिरवून पाहिलं. नेटीने मुद्दाम कढई आपटून पाहिली. तो डोळे वर करून बघायचा, पण जागचा हलायचा नाही. चौतीस वर्षांत कोठारावर ऑरेस्टच्या हाताखाली एवढं ऐकणारं कोणी आलं नव्हतं.

घोडं अडलं ते कर्लिंग क्लबाच्या दारात. दारावर पाटी होती: खेळाडू सभासद, त्यांचे प्रतिस्पर्धी आणि प्रेक्षक यांखेरीज कोणासही प्रवेश नाही. कुत्रा प्रेक्षक धरता येईल का, हे विचारायला ऑरेस्ट नगर कार्यालयात गेला. तिथे आयोन फेडरली बसायच्या. सरळ पाठीच्या, चष्म्याला साखळी लावलेल्या. नगराच्या सचिव त्याच.

"मिस्टर पालिचुक," त्या म्हणाल्या, "हा प्रश्न क्लबाच्या अखत्यारीतला आहे. आपण क्लबाच्या सचिवांना भेटावं."

"क्लबाच्या सचिव तुम्हीच आहात."

"चार वाजता," आयोनबाई म्हणाल्या. "आत्ता पावणेचार झालेत. आपण बसू शकता."

ऑरेस्ट बसला. चार वाजता आयोनबाईंनी खिडकी बंद केली, निळा स्वेटर काढून खुंटीला अडकवला, हिरवा घातला आणि मधल्या दाराने पलीकडच्या खिडकीत जाऊन बसल्या.

"काय रे ऑरेस्ट," त्या म्हणाल्या, "तोंड का असं? बोल, काय काम काढलंस?"

त्याने सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यांनीही ते पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ऐकलं. मग क्लबाची बारा पानी घटना काढली आणि बोट फिरवत वाचली. प्रेक्षक म्हणजे तिकीट घेऊन बाकावर बसणारा. कुत्रा बाकावर बसणार का? नाही, तरटावर. मग प्रेक्षक नाही. खेळाडू सभासद म्हणजे ज्याचा अर्ज भरला आहे, वर्गणी जमा आहे आणि ज्याचं नाव एखाद्या संघाच्या यादीत आहे तो.

"माणूसच असला पाहिजे असं कुठे आहे?" ऑरेस्टने विचारलं.

आयोनबाईंनी पुन्हा बारा पानं वाचली. 'माणूस' हा शब्द एकदाच सापडला. कोटांच्या खोलीत एका माणसास एकच खुंटी मिळेल, असं ते कलम होतं.

"त्याला खुंटी मिळणार नाही," त्या म्हणाल्या.

"चालेल."

अर्ज भरला. नाव, बोर्श पालिचुक. वय, चार. डावरा की उजवा? ऑरेस्टने विचार करून उजवा लिहिलं, कारण हात देताना तो उजवाच द्यायचा. याआधी अन्य क्लबाकडून खेळला आहे काय? नाही. सहीच्या जागी शाईचा पंजा उठला, आणि मग तो आयोनबाईंच्या टेबलावर आणि हिरव्या स्वेटरवरही उठला. प्रत्येक संघाला एक राखीव पाचवा गडी ठेवता येतो. ऑरेस्टच्या संघाने कधी ठेवला नव्हता, कारण गंडरसन बंधूंशी बोलायला पाचवा माणूस तयार होत नसे. यादी भिंतीवर लागली. पाचवं नाव वाचून विल्फ थेट ऑरेस्टकडे आला.

"ऑरेस्ट, मला एक सांग. समजा माझं कंबरडं मोडलं. माझ्या जागी हा खेळणार?"

"वेळ आली तर बघू."

"आणि याने आपली किटली घालवली तर?"

"घालवणार नाही."

"घालवली तर तिसरा कागद मी त्याच दिवशी टाकणार. केकशिवाय. सांगून ठेवतो."

केकशिवाय म्हणजे प्रकरण कुठवर आलं होतं ते लक्षात येईल.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी दुपारी अख्खं गाव क्लबात होतं. काचेमागच्या बाकांवर जागा नव्हती. उपाहारगृह बंद होतं, बँक शनिवारी बंद असतेच, पण त्या दिवशी ती जरा जास्तच बंद वाटत होती. ग्रेनफर्थचा कप्तान डेल रेम्पल किटली घेऊन आला आणि त्याने ती सर्वांना दिसेल अशी खिडकीत ठेवली. आत एक छत्री विसरलेली होती. त्याने ती सगळ्यांदेखत काढून घेतली.

बोर्श पलीकडच्या टोकाला, बर्फाच्या कडेच्या फळ्यांजवळ, तरटावर पडला होता. डेलने यादी वाचली, कुत्र्याकडे पाहिलं, परत यादी वाचली. "हा काय करतो?"

"राखीव आहे," ऑरेस्ट म्हणाला.

"बरं," डेल म्हणाला. या भागात माणसं उगाच खोलात जात नाहीत.

खेळाचं सविस्तर वर्णन करण्यात अर्थ नाही. जे तिथे होते त्यांना पाठ आहे आणि जे नव्हते त्यांना गावातला कोणीही सांगेल, थांबवेपर्यंत. एवढंच पुरे की शेवटच्या फेरीत दोन्ही गावं बरोबरीत होती, ग्रेनफर्थचा एक दगड वर्तुळाच्या मध्याजवळ दबा धरून बसला होता आणि शेवटचा दगड, कप्तानाचा म्हणून, ऑरेस्टच्या हातात होता. तो दगड ग्रेनफर्थच्या दगडापेक्षा मध्याच्या जवळ थांबला, की अकरा वर्षं संपली. नाही थांबला, तर बारावं सुरू.

अडीच तास बोर्श हलला नव्हता. समोरून दगड गेले, झाडू गेले, ग्रेनफर्थच्या एका बाईच्या हातातला सॉसेजचा पाव गेला. तो हलला नाही.

ऑरेस्टने एक पाय मागे टेकून जोर घेतला, घसरत पुढे गेला, दगड सोडला, आणि सदुसष्ट वर्षांच्या गुडघ्याने नेमका तोच क्षण निवडला. तो बर्फावर पालथा पडला. हनुवटी आपटली आणि तोंडातून एक आवाज निघाला. नेटी पुढे कबूल करायची की चाळीस वर्षांत तिने तो आवाज ऐकला नव्हता आणि तो थोडाफार कुत्र्यासारखाच होता.

टीनाबाईंनी सॉसेज शिकवलं होतं, मांजर शिकवलं होतं. ऑरेस्ट पडलेला त्यांनी शिकवला नव्हता.

पलीकडच्या टोकाहून बोर्श निघाला. समोरून दगड येत होता आणि त्याच्यापुढे मान खाली घालून गंडरसन बंधू झाडू मारत होते. तांबडं काहीतरी दोघांच्या मधून गेलं. दोघांनी उड्या मारल्या, दगड पुढे गेला आणि बोर्श येऊन ऑरेस्टचं तोंड चाटू लागला. दगड हळू झाला, आणखी हळू झाला आणि बरोबर मध्यावर येऊन थांबला.

काचेमागे गाव उभं राहिलं. बाकं पडली. कोणीतरी विल्फची टोपी वर उडवली ती दिव्यावर अडकली.

ऑरेस्टची हनुवटी अजून बर्फावरच होती. बर्फालगत डोळे असल्यामुळे जे त्याला दिसलं ते क्लबात दुसऱ्या कोणालाच दिसलं नव्हतं. धावता धावता ती मोठ्या कुत्र्यासाठी बनवलेली शेपूट दगडाला लागली होती. ओझरती, पिसाएवढी. दगडाने कदाचित मनावरही घेतलं नसेल.

कर्लिंगला पंच नसतो. आपला पाय किंवा झाडू चालत्या दगडाला लागला, तर ज्याचा लागला त्याने स्वतः हात वर करून सांगायचं की दगड जळला, आणि तो उचलून बाजूला ठेवायचा. कोणी बघितलं की नाही याचा तिथे संबंध येत नाही. गव्हात ओल लपवणारी माणसं या गावात होऊन गेली, विमा कंपनीला गारपीट फुगवून सांगणारीही झाली. पण जळलेला दगड लपवणारा झाला नाही. ऑरेस्ट गुडघ्यांवर आला आणि त्याने हात वर केला.

"जळला," तो म्हणाला. "शेपूट लागली."

टाळ्या एकेक करून थांबल्या.

डेल रेम्पल बर्फावरून चालत आला. माणूस भला होता, हीच त्याच्यातली सर्वांत चीड आणणारी गोष्ट होती. "हे बघ," तो म्हणाला, "कुत्रं मधे आलं म्हणजे बाहेरचा अडथळा झाला. पाखरू मधे आलं, दिवा पडला, तसंच. दगड पुन्हा टाक. आमची हरकत नाही."

"पुन्हा टाक," विल्फ मागून म्हणाला. "ऑरेस्ट, तो पुन्हा टाक म्हणतोय."

काचेमागून सगळं गाव मान डोलवत होतं. गेल्या दोन महिन्यांत ऑरेस्टने गावाचं इतकं एकमत पाहिलं नव्हतं.

आयोनबाई हिरव्या स्वेटरमध्ये, घटना हातात घेऊन, लहान लहान पावलं टाकत बर्फावर आल्या. "लिहून घ्यावं लागेल," त्या म्हणाल्या. "बाहेरचा असेल, तर दगड पुन्हा टाकता येईल. पण मग यादीतलं नाव चुकीचं. ते आत्ताच खोडीन आणि तो पुन्हा आत येणार नाही. आपल्यातला असेल, तर दगड उचला, सामना ग्रेनफर्थचा." त्यांनी पेन्सिल जिभेला लावली. "बाहेरचा की आपला?"

ऑरेस्ट त्या दगडाकडे बघत राहिला. तोच दगड तो पुन्हा टाकू शकला असता. दहापैकी सात वेळा तो मध्यावर नेला असता, गुडघ्यासकट. किटली उपाहारगृहात लांब टेबलावर आली असती आणि त्याची खुर्ची तिच्या शेजारी. घरी मात्र मंगळवारी आणि गुरुवारी बाराव्या मिनिटाला सूर लागला असता, तिसरा कागद गेला असता आणि दहाव्या दिवशी हद्द. पण खरं सांगायचं तर तो विचार नंतरचा. आधी त्याला राग आला. दोन महिने गावाने त्याला पडद्याआडून बघितलं होतं. कुत्र्यासाठी थंडीत चाळीस वेळा दाराबाहेर उभा राहणारा म्हातारा म्हणून टेबलावर त्याची टिंगल झाली होती. आणि आज तेच लोक हसून मान डोलवत सांगत होते की बोर्शला फक्त एका वाक्यापुरतं परकं म्हण. अडीच तास न हलणाऱ्याला. आपण पडल्यावर धावत येणाऱ्या, क्लबातल्या एकमेव सभासदाला.

"यादी वाच," तो म्हणाला.

"ऑरेस्ट," विल्फ म्हणाला, "विचार कर."

"वाच आयोन. पाचवं नाव."

"बोर्श पालिचुक," आयोनबाईंनी वाचलं. "राखीव."

"आपलाच आहे," ऑरेस्ट म्हणाला. त्याने वाकून दगड उचलला नाही, वीस किलो आता त्याला उचलवत नव्हते, पण पायाने ढकलत तो पार कडेपर्यंत नेला, सगळं गाव बघत असताना. शेंडी तुटो की पारंबी.

जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांना आपल्या टेबलावर बसवून पहिला पेला पाजायचा, हा या खेळाचा रिवाज. त्यातून सुटका नाही. ग्रेनफर्थचे चौघे एका बाजूला बसले. समोर ऑरेस्ट, दोघे गंडरसन आणि विल्फ, जो बिअरमध्ये असा बघत होता की जणू तळाशी कोणी बुडालंय.

डेलने खुर्च्या मोजल्या. "तुम्ही पाच," तो म्हणाला आणि स्वतः उठून पाचवी ओढून आणली. मग पेले आणणाऱ्या बाईला विचारलं, "पाचव्या गड्याला काय चालतं?"

"पाणी," ऑरेस्ट म्हणाला. "आणि हा त्याचा पहिला सामना आहे, तेव्हा सॉसेज असेल तर बघ."

सॉसेज आलं. बोर्शने 'ऊठ' ची वाट बघितली नाही. थोरल्या गंडरसनने घसा खाकरला. सगळे त्याच्याकडे वळले.

"पळतो चांगला," तो म्हणाला.

धाकट्याने मान हलवली. वाटणीनंतरचं हे त्यांचं पहिलं संभाषण होतं, पण त्या दिवशी कोणाला त्याचं कौतुक करायची शुद्ध नव्हती.

रविवारी गावात कोणी ऑरेस्टशी बोललं नाही. चर्चमध्ये सगळे नेहमीसारखे हसले, फक्त हसू त्याच्यापर्यंत येऊन थांबत नव्हतं, मागच्या रांगेवर जात होतं. नेटी म्हणाली, "सोमवारी घरीच पी कॉफी. मी देते करून."

"नाही," ऑरेस्ट म्हणाला.

सोमवारी सकाळी नऊ वाजता तो उपाहारगृहात गेला, आणि आजवर कधी नेलं नव्हतं तरी बोर्शला घेऊन गेला. त्याच्या खुर्चीत कोणी बसलेलं नव्हतं. ती तशीच रिकामी ठेवली होती, हे जास्त वाईट. तो बसला. बोर्श टेबलाखाली पडला. इथे माणसाला मारत नाहीत, शिव्या देत नाहीत, नुसते त्याच्यासमोर साखर ढवळत बसतात.

दहा मिनिटांनी दार उघडून विल्फ आला. हात रिकामे. केक नाही. ऑरेस्टने ते पाहिलं आणि पाठ सरळ केली.

"उणे अठ्ठावीस," विल्फ म्हणाला.

"तिसरी टाकलीस?" ऑरेस्टने विचारलं. "टाकली असशील तर सांग. दहा दिवस आहेत. मी घर विकीन आणि हद्दीपलीकडे टीनाबाईंच्या शेतात राहीन. नेटी आली तर येईल. मंगळवारी-गुरुवारी तिथून गाडी काढून खेळायला येईन आणि हा माझ्याबरोबर असेल."

"नेटी नाही येणार," कोणीतरी म्हणालं.

विल्फ खाली बसला. कोटाच्या खिशातून त्याने घडी घातलेला कागद काढला. "शनिवारीच लिहिली. दोन्ही बाजूंनी लिहिली. आज आठ वाजता कार्यालय उघडायच्या आधी मी दारात होतो." त्याने कागदावर बोट आपटलं. "त्यात एक रकाना आहे. तक्रारदाराचा त्या जनावराशी संबंध. मागच्या दोन वेळा मी शेजारी लिहिलं होतं. या वेळी आयोन म्हणते, मिस्टर बर्गस्टॅड, हे अपुरं आहे. आपण त्याच्याबरोबर सामना हरला आहात. तशी नोंद आहे. मी म्हटलं, मग काय लिहू? तर म्हणते, सहखेळाडू."

टेबलावर चमचे थांबले.

"सहखेळाडूची तक्रार नगराकडे येत नाही म्हणे. क्लबाच्या सचिवांना भेटा. मी चार वाजेपर्यंत कुठे थांबू? तिने माझ्यासाठी आत्ताच स्वेटर बदलला. दुसऱ्या खिडकीतून म्हणते, विल्फ, सभासदाविरुद्ध सभासदाची तक्रार वार्षिक सभेतच मांडता येते. आरोपीला आधी म्हणणं मांडू द्यावं लागतं." विल्फने कपाळ पुसलं. "आणि मग मत. त्याला मत आहे, ऑरेस्ट. माझ्याइतकंच एक मत आहे."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला कोणाला तरी ठसका लागला. तो बराच वेळ गेला नाही.

"मग मांड की सभेत," ऑरेस्ट म्हणाला.

"काय मांडू?" विल्फचा आवाज पहिल्यांदाच चढला. "गावासमोर उभा राहून सांगू की आमच्या संघातला गडी बाहेर काढा? बापजन्मी या गावात कोणी संघातल्याचं गाऱ्हाणं बाहेर नेलं नाही. गंडरसन तीस वर्षं बोलत नाहीत, पण झाडू एकत्र मारतात. मला काय तोंड राहील?" त्याने टेबलाखाली वाकून पाहिलं. बोर्शने शेपूट एकदा जमिनीवर आपटली. "घातलीस ना किटली खड्ड्यात? गाढवा. अरे, डावीकडून पळायचंस."

"उजवा आहे तो," ऑरेस्ट म्हणाला.

विल्फने कॉफी मागवली. सगळ्यांनी पुन्हा साखर ढवळायला सुरुवात केली, पण आता आवाज वेगळा होता. कोणीतरी म्हणालं की वर्षभर आहे, डावीकडून पळायला शिकवता येईल. दुसरा म्हणाला, त्यापेक्षा ऑरेस्टला न पडायला शिकवा. त्यावर टीनाबाईंचं मत घ्यावं असं ठरलं.

"सभा कधी आहे?" ऑरेस्टने विचारलं.

"एप्रिलच्या पहिल्या गुरुवारी. का?" विल्फने कागदाची घडी घालून परत खिशात टाकली. "मी काही मांडणार नाही म्हटलं ना. त्याला आणायची गरज नाही."

"सभासद आहे," ऑरेस्ट म्हणाला. "येणार. पहिल्या रांगेत बसणार."